गजभिये सरांची पूर्व दिशा

गजभिये सर गेले तेव्हा कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली, आणि त्या सभेतून मी डोकं उठवून घेऊन घरी आले. एकामागून एक वक्ते उठत होते. कुणी 'थोर शास्त्रज्ञ' म्हणालं, कुणी 'नागपूरचं भूषण'. एका बाईंनी तर 'ऋषितुल्य' असा शब्द वापरला. ऋषितुल्य! जो माणूस कॅरममध्ये हरला की दुसऱ्या दिवशी आपल्याशी बोलत नाही, चहात साखर कमी पडली की कपाकडे असा बघतो की कपालाच लाज वाटावी, त्याला ऋषितुल्य म्हणायचं? आणि ज्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते ती कुणी काढलीच नाही. अडचणीची होती ना! मेलेल्या माणसाची चूक शोकसभेत कोण काढणार? म्हटलं, चला, आपणच लिहू.

मी त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. सरांचा भौतिकशास्त्र विभाग आणि माझी खोली यांच्या मधे एक प्लायवूडची भिंत होती. त्या भिंतीतून सरांचा आवाज पूर्ण यायचा आणि कूलरची हवा अजिबात यायची नाही. "बाई, आहात का?" असं ते भिंतीपलीकडून ओरडायचे. मी नाही म्हटलं तरी यायचे.

पुंडलिक गजभिये हे त्यांचं नाव. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात राख वाहून नेणाऱ्या विभागात कामगार. सर तिथल्या कॉलनीत वाढले, आणि नोकरी लागल्यावर नागपूरच्या वेशीवरच्या वाडी गावात भाड्याच्या खोलीत आले. खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम, वर सर. पुढे त्यांनी वाडीतच घर बांधलं. चांगल्या वस्तीत का नाही बांधलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ट्रकचा आवाज नसला तर मले झोपच येत नाही, बाई." खरं सांगत होते की थट्टा करत होते, देव जाणे.

त्यांच्याजवळ एक काळा गॉगल होता. एक काडी मोडलेली, ती त्यांनी तांब्याच्या तारेनं बांधलेली. हा गॉगल घालून ते जगाकडे मान वाकडी करून बघत. आधी डावीकडे वाकडी, मग उजवीकडे. ओल्या रस्त्याकडे बघत, गाड्यांच्या काचांकडे बघत, आमच्या मोबाइलकडे बघत. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, सरांची मान आखडलीय. फुटाळा तलावाच्या पाळीवर स्टाफची सहल गेली होती तेव्हा एका भेळवाल्यानं त्यांना मोठ्या आपुलकीनं तिळाचं तेल सांगितलं होतं.

"तेल नोको गा मले," सर म्हणाले. "हे घे, तू घाल. तलावाकडे पाह्य. काय दिसून राहिलं?"

"पानी दिसून राहिलं, साहेब."

"चमक हाय का पान्यावर?"

"नाही ना जी!"

"आता मान वाकडी कर."

भेळवाल्यानं मान वाकडी केली आणि "अरे बाप्पा!" म्हणून ओरडला. चकाकी परत आली होती. मग काय, त्याची सगळी गिऱ्हाइकं रांगेत उभी राहून मान वाकडी करू लागली आणि आमची भेळ राहिली बाजूला. पाण्यावरून उसळून येणारा उजेड एकाच दिशेनं थरथरत असतो, तो गॉगल त्या दिशेची थरथर अडवतो, मान वाकडी केली की अडवायचं थांबतो. या एकाच दिशेनं थरथरण्याला ध्रुवण म्हणतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण मला कळलं ते त्या भेळवाल्याच्या ओरडण्यानं, हे कबूल करायला हवं.

सरांचं जन्माचं काम मात्र पाण्यावरच्या उजेडाचं नव्हतं. फार दूरचा, फार जड असा एखादा तारा आतल्या आत कोसळतो तेव्हा त्याच्यातून एक झोत निघतो आणि काही सेकंद गॅमा किरणांचा असा भडका उडतो की त्या वेळी आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काही नसतं. डोळ्यांना दिसत नाही, उपग्रहावरच्या यंत्रांना दिसतो. हे स्फोट होतात इतकं माहीत आहे. पण त्या झोतात उजेड तयार कसा होतो, हे नक्की कुणालाच माहीत नाही. सर वर्गात पोरांना विचारायचे, "त्या झोताच्या आत चुंबकीय क्षेत्र कसं असन? विंचरलेल्या केसांसारखं, का सकाळी उठल्यावर असते तसं?" विंचरलेलं असेल तर गॅमा किरणांत ध्रुवण दिसेल. गुंता असेल तर दिसणार नाही. सरांना आयुष्यात एवढंच जाणून घ्यायचं होतं, विंचरलेलं की गुंता.

"मग तुमचा तो गॉगल लावा की," मी एकदा म्हटलं.

"गॅमाले चश्मा नाही, बाई. थो चश्म्यातून जाते, तुमच्यातून जाते अन् ह्या भिंतीतूनही जाते."

"तुमच्या आवाजासारखा."

यावर ते हसले नाहीत. उठून स्टाफरूममधल्या कॅरम बोर्डाजवळ गेले आणि मलाही यायला लावलं. यंत्रात छोट्या छोट्या चौकोनी घरांची जाळी असते. गॅमाचा एक कण एका घरावर आदळतो, उसळतो आणि शेजारच्या घरात अडकतो. ध्रुवण असेल तर त्या थरथरीच्या आडव्या बाजूंना जास्त कण उसळतात. सगळीकडे सारखेच उसळले तर ध्रुवण नाही. "म्हणून आपण फक्त मोजाचं," सर सोंगटीवर सोंगटी आपटत म्हणाले, "कोणत्या बाजूले किती उसळले." आपल्या देशानं सोडलेल्या एका उपग्रहावर असं यंत्र आहे आणि त्याची मोजमापं ज्याला हवी तो उतरवून घेऊ शकतो. म्हणून तर वाडीला राहणारा, इंटरनेट गेलं की गच्चीवर चढणारा एक मास्तर हे काम करू शकत होता.

अडचण अशी की उसळण्यात यंत्राच्याही स्वतःच्या खोडी असतात. चौकोनाच्या बाजूची घरं जवळ, कोपऱ्याची लांब, त्यामुळे ध्रुवण नसतानाही बाजूंना जास्त उसळतात. शिवाय उपग्रहावर इतर जड यंत्रं असतात. स्फोट तिरका आला की त्यांतून गाळून, वळून येतो. म्हणून आधी कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र उभं करायचं, त्याच दिशेनं एक साधा, बिनध्रुवणाचा खोटा स्फोट त्याच्यावर सोडायचा आणि यंत्राच्या या खोडी किती ते काढून खऱ्या मोजमापातून वजा करायच्या. हे चित्र सरांनी स्वतः उभं केलं होतं. कित्येक उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या होत्या आणि त्याचा त्यांना फार, फार अभिमान होता.

माझं आणि त्यांचं पहिलं मोठं भांडण झालं ते आकड्यांवरून. एक निकाल घेऊन ते माझ्याकडे आले, चेहरा लग्नघरासारखा. मी बघितलं आणि विचारलं, "सर, हे ध्रुवण कधी उणे येऊ शकतं का?"

"उणे कसं येईन? असते नाही तर नसते."

"मग तुम्ही यंत्रात नुसता कचरा टाकला तरी शून्याच्या वरचंच काहीतरी येणार. चूक सगळी एकाच बाजूला पडणार. हे जे आलंय ते कचऱ्यापेक्षा मोठं आहे का, ते आधी दाखवा."

सरांनी समोरचा चहाचा कप उचलला आणि निघून गेले. माझ्या खोलीतला कप, माझा! दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर कप धुऊन ठेवलेला होता आणि त्याच्याजवळ डब्यात सांबारवडी. ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वडी त्यांच्या पत्नीनं केली होती, अप्रतिम होती, आणि त्या दिवसापासून सर कुठलाही निकाल आधी माझ्याकडे आणू लागले. 'सिद्ध झालं' हा शब्द त्यांनी विभागातून हद्दपार केला. एखादा पोरगा म्हणालाच तर ओरडायचे, "सिद्ध नोको म्हणू, भैताडा! दिसून राहिलं म्हण!"

मग तो स्फोट आला. चांगला तेजस्वी, पण तिरका. सरांनी, त्या वेळच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि मी, आम्ही सगळ्यांनी त्याचे आकडे उलटेपालटे करून बघितले. कचऱ्यापेक्षा मोठं होतं. चांगलंच मोठं. ध्रुवण होतं! विंचरलेलं होतं! लेख एका मोठ्या मासिकात छापून आला आणि बाहेरच्या देशांतली माणसं सरांना ईमेल करू लागली. नागपुरातल्या पेपरांत बातमी आली. वाडीच्या चौकात कुणा हौशी कार्यकर्त्यानं सरांचा फ्लेक्स लावला, शेजारी शनी ग्रहाचं चित्र. सर दिवसभर धुसफुसत होते. "शनी काहून? जन्मात मी शनीले हात नाही लावला!"

खापरखेड्याला वडिलांच्या जुन्या सोबत्यांनी सत्कार ठेवला. वडील तोवर गेले होते, आई होत्या. मीही गेले होते. आई पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या आणि कुणी सरांचं नाव घेतलं की आजूबाजूच्या बायकांकडे वळून बघत होत्या, ऐकलं ना म्हणून. सरांना किती हार घातले ते मला आठवत नाही, पण हार काढून ते आईच्या मांडीवर ठेवत गेले, ते आठवतं.

या लेखाच्या पायावर सरांनी वर्षा लांजेवारला पीएचडीला घेतलं. वर्षाचे वडील कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या आडतीवर काम करायचे. पोरगी दिसायला गरीब गाय, कामाला मात्र अशी चिवट की सरांनाही घाम फुटायचा. सरांच्याच पद्धतीनं आणखी बरेच स्फोट तपासायचे, हा तिचा विषय. बरीच प्रकरणं लिहून झाली, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली, घरी सगळे विचारू लागले, झालं का वं, झालं का. आणि एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून रडायलाच लागली.

"मॅडम, सरायच्या चित्रात चूक हाय."

"कसली चूक?"

"स्फोट उलट्या बाजूनं येऊन राहिला."

तिनं मला दाखवलं. सगळ्या तिरक्या स्फोटांत तिला ध्रुवण दिसत होतं आणि सरळ डोक्यावरून आलेल्या एकातही नाही. हे तिला खटकलं. मला खटकायला हवं होतं, पण माझ्यापुढे कधी सगळे एकत्र आलेच नव्हते. मग ती मागे मागे जात सरांच्या मूळ चित्रापर्यंत पोचली होती. मी बघत राहिले. पोरीचं बरोबर असेल तर सरांचा तो गाजलेला लेख गेला, आणि त्याच्याबरोबर तिची स्वतःची लिहिलेली प्रकरणंही गेली. तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर काही महिन्यांत डॉक्टर झाली असती. बोलली तर सर तिला काय करतील, हे मी तरी कुठं सांगू शकत होते? गाइड बिघडला की पोरांची वर्षंच्या वर्षं मातीत जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"मी सरायले कसं सांगू, मॅडम?"

"तोंडानं सांग," मी म्हटलं. "मी भिंतीपलीकडे आहे."

ती गेली. मी कान लावून बसले. आधी तिचा बारीक आवाज, मग सर, "तुले माह्या चित्रात चूक दिसून राहिली? तू जन्मली नोती तवापासून मी हे करून राहिलो! जा. घरी जा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर धावले तोवर वर्षा जिना उतरून गेली होती. मी सरांच्या दारात उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर सर काही दिवस कॉलेजला आलेच नाहीत. फोन बंद. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, गच्चीवर बसून राहतात, जेवायलासुद्धा खाली येत नाहीत. वर्षा रोज यायची, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसायची आणि कुणी दारातून आलं की दचकायची. मला सरांचा राग येत होता आणि काळजीही वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटण्याचा मला जास्तच राग येत होता.

एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, आहात का? वर्षाले घेऊन या. अन् तुमचा डबाही आणा."

आम्ही गेलो. सरांनी प्रयोगशाळेची टेबलं बाजूला सरकवली होती आणि मधोमध जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली होती. दाढी वाढलेली. उत्तरेला खिडकी, पूर्वेला दार, पश्चिमेच्या भिंतीवर फळा. माझा स्टीलचा डबा त्यांनी दाराच्या बाजूला जमिनीवर ठेवला. "हे उपग्रहावरचं दुसरं यंत्र. जड. हे पूर्वेले आहे, हे पक्कं." मग ते सरळ वर्तमानपत्रांवर उताणे झोपले. डोकं खिडकीकडे, पाय आमच्याकडे. त्या वयात, त्या पोटासह.

"मी आता यंत्र आहो," जमिनीवरून ते म्हणाले. "वर आकाश पाहून राहिलो. आकाशाचा नकाशा द्या."

वर्षानं नकाशा दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरला. आकाशाचा नकाशा वर बघून वाचायचा असतो. उत्तर वर धरली की त्यात पूर्व डावीकडे येते. जमिनीच्या नकाशात ती उजवीकडे असते.

"स्फोट नकाशात कुठं आहे वं?"

"उत्तरेपासून डावीकडे, सर."

सरांनी डावा हात पसरला. बोट दाराकडे गेलं, माझ्या डब्याकडे.

"आता तू उभी राहा. माह्या चित्राचा कागद टेबलावर ठेव, उत्तर खिडकीकडे. अन् मी प्रोग्राममधी जे लिहिलं तसं कर. उत्तरेपासून डावीकडे."

वर्षानं कागद ठेवला. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि डावा हात वर केला. तिचं बोट फळ्याकडे गेलं.

एकाचं बोट पूर्वेला आणि दुसरीचं पश्चिमेला, असे ते दोघं तसेच थांबले. खरा स्फोट डब्यातून गाळून आला होता आणि सरांच्या चित्रात तो मोकळ्या बाजूनं येत होता. त्या जड यंत्रामुळे कण ज्या बाजूला उसळले, तेच इतके दिवस आम्ही ध्रुवण म्हणून मोजत होतो. सरांनी चित्र टेबलावर कागद ठेवून काढलं होतं, वरून खाली बघत, आणि दिशा घेतली होती ती खालून वर बघणाऱ्या नकाशातून. आकाशाचं काम करणाऱ्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला विचारा, तो पूर्व कधी डावीकडे धरतच नाही.

सरांनी नकाशा छातीवर ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिले. मी म्हटलं, उठा सर. ते म्हणाले, "थांबा जरा." मग थोड्या वेळानं, "वर्षा, तुहं बरोबर आहे वं. मी तुले घरी जा म्हटलं, थे चुकलं माहं." आम्ही दोघींनी हाताला धरून त्यांना उठवलं. शर्टाला मागून वर्तमानपत्राची शाई लागली होती आणि तसेच ते मुख्याध्यापकांसमोर उभं केलेल्या पोरासारखे उभे राहिले. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्याच आठवड्यात सरांनी मासिकाला कळवलं की लेख मागे घेतो, चूक माझी एकट्याची आहे. सोबतच्या विद्यार्थ्यांची नावं त्यात येऊ दिली नाहीत. स्टाफरूममध्ये काय कुजबुज झाली म्हणता! आमच्याच एका सहकाऱ्यानं 'गजभियेंचा बार फुसका निघाला' असं म्हटलं आणि मी त्याला म्हटलं, तुमचा तर बार अजून भरलाच नाही हो, आधी भरा तर खरं. सरांना मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती.

"आईले कसं सांगू, बाई?"

"मी गाडी काढते," मी म्हटलं.

खापरखेड्याला जाईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. आई भाजी निवडत ओसरीत बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, तारा, झोत, नकाशा, डावं-उजवं, वर्षा, सगळं. आई ऐकत होत्या आणि मेथीची पानं खुडत होत्या.

"म्हंजे थे खोटं होतं?"

"खोटं नोतं, माय. चुकलं होतं."

"नोकरी जाईन का तुही?"

"नाही."

"मंग थे पोरगी? तिचं काय होईन?"

मी मधेच म्हटलं, तिला सगळं पुन्हा करावं लागेल. आईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "मंग इथं काय करून राहिला तू? जा, तिचं पुरं करून दे." सर उठले. आम्हाला त्या दिवशी खापरखेड्याला चहासुद्धा मिळाला नाही.

पुन्हा करायचं म्हणजे काय, ते मी जवळून बघितलं. चित्र नव्यानं उभं केलं. एकेक स्फोट पुन्हा त्यातून काढला. एकेक करत ध्रुवण मावळत गेलं. 'सांगता येत नाही', 'सांगता येत नाही', असे निकाल येत गेले. दोन तेजस्वी स्फोटांपुरतं इतकंच म्हणता येत होतं की ध्रुवण असलं तरी अमक्यापेक्षा जास्त नाही. वर्षाचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. मुदतवाढीसाठी सर विद्यापीठाच्या इमारतीत इतक्यांदा गेले की तिथला शिपाई त्यांना बघून खुर्ची पुढे करायचा. मधेच सर निवृत्त झाले. सेंडऑफला शाल-श्रीफळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या बसमधून उतरून, नेहमीसारखे, प्रयोगशाळेत. नव्या विभागप्रमुखांनी त्यांना सुचवून बघितलं की आता आराम करा. सर म्हणाले, "पोट्टीचं झालं का करतो आराम."

शेवटी तिची तोंडी परीक्षा ठरली. हॉलमध्ये पुढे परीक्षक, मागे आम्ही आणि सगळ्यात शेवटच्या रांगेत वर्षाचे वडील, धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, खुर्चीच्या अगदी काठावर बसलेले. सगळं इंग्रजीतून चाललं होतं. बाहेरगावचे परीक्षक कडक होते. त्यांनी विचारलं, म्हणजे एवढ्या वर्षांनंतर तुमचं उत्तर काय, तर सांगता येत नाही? वर्षा म्हणाली, बहुतेक स्फोटांसाठी हो, सर. दोन स्फोटांसाठी ध्रुवण किती जास्त असू शकत नाही, ते सांगता येतं. आधी जे ध्रुवण सांगितलं गेलं ते मोजमापाच्या दिशेच्या चुकीमुळे होतं आणि ती चूक कशी टाळायची हे तिसऱ्या प्रकरणात आहे.

"आधीचं काम कुणाचं?" परीक्षकांनी विचारलं.

वर्षानं मागे सरांकडे बघितलं. "आमच्या गटाचं," ती म्हणाली.

माझ्या शेजारी सर चुळबुळले आणि उठायला लागले. गाइडनं मधे बोलायचं नसतं. अध्यक्षांनी हातानं बसा म्हटलं आणि ते बसले, पण मांडीवरच्या मुठी त्यांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. परीक्षकांनी आणखी बरंच विचारलं. मग आम्हाला बाहेर काढलं, मग परत बोलावलं आणि पदवी देण्याची शिफारस करत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. वर्षाचे वडील सगळे वाजवतात म्हणून टाळ्या वाजवत होते, पण त्यांचा चेहरा कोराच होता.

बाहेर व्हरांड्यात समोसे आणि चहा होता. वडील दुपट्टा सावरत सरांकडे आले, हात जोडले.

"सर, मले इंग्रजी समजत नाही. पन घरी गेलो का हिची माय इचारीन, इतके दिवस पोरगी शोधून राहिली होती थे सापडलं का म्हून. काय सांगू तिले?"

सर बोलायला लागले की तास जातो, हे आम्हाला माहीत. मी तर चहाचा कप खाली ठेवण्यासाठी जागा शोधू लागले. सरांनी एकदाच परीक्षक उभे होते तिकडे बघितलं आणि मग मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगा, पोरीनं सरायची चूक पकडली."

वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला. ते वर्षाकडे वळले. "काय वं? सरायची चूक काढली तूनं? याच्यासाठी धाडलं होतं तुले?"

वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला. "रागावू नोका, भाऊ. चूक माही होती. मले सगळ्यायनं हार घातले, कोनी तपासलं नाही. हिनं तपासलं. अन् तपासून आपलं सगळं लिहिलेलं हिले फेकावं लागलं, तरी सांगितलं. आता मी मेलो तरी माह्या नावावर चुकीचं काही राहणार नाही. थे तुमच्या पोरीनं केलं. हे सांगा हिच्या मायले."

वडील ओठांतल्या ओठांत जुळवत, चुकायला नको अशा बेतानं म्हणाले, "पोरीनं सरायची चूक पकडली. आता सरायच्या नावावर चुकीचं काही नाही. बरोबर, सर?"

"बरोबर. पन मधलं राहिलं. तिले आपलं फेकावं लागलं, थे?"

"हाव, थे राहिलं."

"मंग पुन्हा म्हणा."

त्यानंतर सर मला दिसले नाहीत. त्याच उन्हाळ्यात ते गेले. मला ते दिसतात ते त्या व्हरांड्यात, चहा निवून गेलेला, कळमन्याच्या त्या माणसाचा हात हातात धरून ठेवलेला, आणि तो माणूस पोरीच्या आईला सांगायचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतोय.